बेल्ह्याच्या बाजारातला आहेर

"ठोका ना ताई, ठोका. न ठोकता माठ घेऊ नये," असं म्हणत कुंभारमावशींनी माठ माझ्यापुढे सरकवला. मी बोटाच्या सांध्याने हलकेच ठोकलं. टण्ण. दुसरा ठोकला, तोही टण्ण. तिसरा मात्र भद्द वाजला. मावशींनी काही न बोलता तो उचलून मागे ठेवला. मी कितीही निरखलं तरी मला त्यात तडा दिसला नव्हता. कानाला मात्र तो कळला होता. अखंड भाजलेल्या मातीतून कंप सरळ फिरतो, म्हणून ती घंटेसारखी वाजते. केसाएवढी चीर असली तरी तिच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासतात, कंप तिथेच जिरतो आणि आवाज मरतो. माठ ठोकून बघणारी प्रत्येक बाई ही परीक्षा घेत आली आहे. यंत्राचं चाक किंवा पोलादी भाग ठोकून तपासणारा कारागीरही हेच करतो.

तो बेल्ह्याचा सोमवारचा बाजार होता, अक्षय्य तृतीयेच्या आधीचा. जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाला, कल्याण-नगर रस्त्यावरचं हे गाव बैलबाजारासाठी दूरवर ठाऊक आहे. सकाळी आधी बैलच दिसतात. हिंगुळ लावलेली शिंगं, नवे कासरे, दात बघण्यासाठी जबडा उघडून धरलेले हात. त्यांना वळसा घालून पुढे गेलं की आठवडेबाजार लागतो, आणि त्याच्या एका कडेला हे सगळं मांडलेलं असतं: मडकी, सुपं, दुरड्या, तवे, विळे, दोरखंड. माझ्या भाचीची पुण्यात मोशीला घरभरणी होती. तिच्या लग्नात आलेली भिंतीवरची चार घड्याळं आणि तीन डिनर सेट अजून खोक्यांत आहेत. म्हणून या वेळी मी ठरवलं होतं, रोज हाताखाली येईल असंच काही द्यायचं, आणि जुनं झाल्यावर ज्याचं करायचं काय हा प्रश्न पडणार नाही असंच द्यायचं. आईला बरोबर घेतलं, कारण तिला बाजार वाचता येतो.

माठापाशीच आमचा तास गेला, आणि जायलाच हवा होता. कारण माठ थंड कसा करतो हे नीट पाहिलं तर साध्या मातीच्या भांड्याकडे पुन्हा साधेपणाने बघता येत नाही.

कुंभार माठाची माती मळताना तिच्यात राख, भुसा किंवा घोड्याची लीद मिसळतो. लीद का, तर तिच्यात चावून बारीक झालेल्या गवताचे तंतू असतात. चाकावर ओबडधोबड आकार देऊन झाला की आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने तो माठ हळूहळू थोपटत मोठा आणि पातळ करायचा. मग सावलीत वाळवणं, आणि मग आव्यात भाजणं. कुंभाराच्या भट्टीला आवा म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आव्यात गवताचा तंतू न् तंतू जळून जातो, आणि जिथे तो होता तिथे त्याच्याच आकाराची पोकळी उरते. म्हणजे माठाची भिंत भरीव दिसली तरी तिच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य वाटा आहेत, आणि त्या गवताने स्वतः जळून पाडलेल्या आहेत. पाणी या वाटांनी बाहेर झिरपतं आणि पृष्ठभागावर पातळ ओल धरतं. माठ घामेजतो असं आपण म्हणतो, ते शब्दशः खरं आहे. आपलं शरीर उन्हाळ्यात जे करतं, तेच तो करतो.

ओल उडून जाताना थंडावा का येतो? एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला ८० किलोकॅलरी उष्णता लागते. तेच एक लिटर पाणी न उकळता, नुसतं हवेत विरून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी खेचून घेतं. सातपट! द्रवातल्या पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यातल्या एकेकाला सोडवून हवेत धाडायचं तर त्याला शक्ती पुरवावी लागते, आणि ती जवळ जे असेल त्यातून काढली जाते. माठाच्या बाबतीत जवळ असतं ते आतलं पाणी. आता हिशोब करून बघा. १० लिटरच्या माठातलं पाणी ३६ अंशांवरून २४ वर आणायचं, म्हणजे १२० किलोकॅलरी बाहेर काढायच्या. त्यासाठी उडावं लागतं साधारण २०० मिलिलिटर पाणी, एक फुलपात्रभर. बाहेरची गरम हवाही माठाला सारखी उष्णता देत असते, म्हणून प्रत्यक्षात याहून बरंच जास्त उडतं. तरीही फुलपात्र-दोन फुलपात्रं पाणी स्वतः नाहीसं होऊन बाकीच्या घागरभर पाण्याला गार करून जातं, ना वीज, ना आवाज. हा हिशोब मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा उठून स्वयंपाकघरात गेले आणि माठाच्या ओल्या पोटावर तळवा ठेवून उभी राहिले.

मात्र माठाला एक मर्यादा आहे, आणि ती मर्यादा हवेत असते. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून तो वाऱ्यात धरला तर पारा जिथवर उतरतो, त्याच्या खाली माठ जाऊ शकत नाही. हवा जितकी कोरडी, तितका हा आकडा खाली. वैशाखातल्या दुपारी देशावर ३८ अंश तापमान असेल आणि हवेतली आर्द्रता २० टक्के, तर ओल्या फडक्याचा पारा २१ च्या आसपास येतो. माठ तिथपर्यंत पोहोचत नाही, पण जवळ जातो. त्याच दिवशी मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर तोच आकडा २८ च्या वर अडकतो. मुंबईत ऊन कमी, आणि माठ मात्र निकामी! जुन्नर-आंबेगावातली कितीतरी माणसं मुंबईत डबे पोचवण्यापासून माथाडीपर्यंतच्या कामांवर गेली. गावाकडून नेलेल्या माठाचं पाणी तिथे गावासारखं लागत नाही, अशी त्यांची तक्रार मी लहानपणापासून ऐकत आले. मला वाटायचं, ही गावाची ओढ बोलते आहे. ओढ असेलच, पण तक्रारही पूर्ण खरी होती.

म्हणून माझं मत असं की मातीचा माठ हा आहेर पुण्याला, नगरला, सोलापूरला, नागपूरला द्यावा. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याला द्यायचा असेल तर तो डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या दिवसांसाठी आहे हे सांगून द्यावा. मोशीला तो शोभेल.

आणखी एक गोष्ट कुंभारमावशींनी सांगितली. "साबण नको बरं का. नुसत्या हातानं, नाहीतर काथ्यानं घासायचा." साबण त्या बारीक वाटांत शिरून बसतो, मग पाण्याला वासही येतो आणि माठ घामेजायचाही थांबतो. तैलरंगाने फुलं काढलेले देखणे माठ तिथे होतेच, पण रंगाखाली सगळ्या वाटा बुजतात. उघड्या कातडीचाच माठ घ्यावा. बोअरच्या जड पाण्यातले क्षारही तेच करतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, माठावर पांढरा थर चढतो, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत तो गार करायचं सोडून देतो. 'दर उन्हाळ्याला नवा माठ' ही रीत मला आधी कुंभाराच्या पोटापाण्यासाठी काढलेली वाटे. तिच्यामागे ही क्षारांची गोष्ट आहे. जुन्या माठात तुळस लावता येते, किंवा तळाचा भाग कापून चिमण्यांसाठी पाणी ठेवता येतं.

आणि फुटलाच तर? इथे खरं ते सांगायला हवं. भाजलेली माती पुन्हा शेतातली माती होत नाही. तिचं खापर होतं, आणि खापर हजारो वर्षं टिकतं. बेल्ह्याजवळची कुकडी नदी पुढे घोड नदीला मिळते, आणि त्याच घोडच्या काठी शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं सापडली, त्यांच्या चुली सापडल्या, आणि मडक्यांचे ढीगच्या ढीग सापडले. अशा भांड्यांना ज्या गावावरून नाव पडलं ते जोर्वे बेल्ह्यापासून फार दूर नाही, शेजारच्या संगमनेर तालुक्यात आहे. लाल भांडी, वर काळ्या रेषा, काहींना तोटी. त्या लोकांनी लहानग्यांचं दफनसुद्धा घराच्या जमिनीखाली मडक्यांत केलेलं आहे, दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना भिडवून. मडकं त्यांच्यासाठी काय होतं, हे यावरून समजावं. खापर टिकतं, पण ते कुणाला विषारी होत नाही, नदीत तरंगत नाही, गायीच्या पोटात जात नाही. एवढ्यावर मी समाधानी आहे.

मातीचाच विषय निघाला आहे तर थोडी वाट वाकडी करते. बेल्ह्यापासून जवळच कुकडीच्या काठी बोरी बुद्रुक आहे. तिथल्या नदीकाठच्या दरडीत पांढुरक्या राखेचा थर आहे, आणि आदिमानवाची दगडी हत्यारंही तिथे मिळाली आहेत. सह्याद्री ज्वालामुखीचाच, पण ही राख त्याची नव्हे. तिची रासायनिक ओळख पटते ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीशी. ती नेमक्या कोणत्या उद्रेकातली, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण समुद्र ओलांडून ती इथे येऊन पडली, यावर नाहीत. ज्या खोऱ्यात कुंभार आपल्या मातीत मूठभर राख मिसळतो, त्याच खोऱ्याच्या मातीत कुणीतरी सुमात्राहून राख मिसळून ठेवली आहे, असं मला तिथे उभं राहिल्यावर वाटतं.

आता तो शब्द. आवा. संक्रांतीच्या दिवसांत 'आवा लुटणे' अशी एक जुनी रीत होती. एखाद्या घरची बाई कुंभाराचा भाजलेला आवाच्या आवा विकत घ्यायची आणि गावातल्या बायकांना बोलावून ती मडकी त्यांच्याकडून लुटून न्यायला लावायची. विचार करा, भेट म्हणून सबंध भट्टी! आज हळदीकुंकवाच्या वाणाला आपण 'लुटणं' म्हणतो, त्या शब्दाच्या पोटात ही जुनी लूट आहे. संक्रांतीची सुगडंही मातीचीच. त्यांत ऊस, बोरं, हरभरा, गाजर, गव्हाची ओंबी घालून ती एकमेकींना द्यायची. अक्षय्य तृतीयेला तर पाण्याने भरलेल्या कुंभाचंच दान सांगितलं आहे, आणि ते सांगितलं आहे ऐन वैशाखात, ज्या महिन्यात माठ सर्वांत जास्त गार करतो. ज्यांनी ही तिथी आणि ही वस्तू जोडली, त्यांना हवेची आर्द्रता मोजता येत नव्हती. पण पाणी कधी गार लागतं हे त्यांना ठाऊक होतं. या घरगुती वस्तू देण्याघेण्याची आपली परंपरा इतकी भरलेली असताना आता वाणात प्लास्टिकच्या डब्या, गाळण्या आणि चाळणीवजा टोपल्या येतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एका संक्रांतीला माझ्या घरात अशा सतरा डब्या जमल्या होत्या. एकीचंही झाकण दुसरीला बसत नव्हतं.

माठ घेतला, त्याची घडवंची घेतली, आणि हात न बुडवता पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळंही घेतलं. माठ ठेवायला मावशींनी जुन्या कापडाची चुंबळ वळून दिली, तिचे पैसे घेतले नाहीत.

पुढे बुरुडाचं दुकान, म्हणजे जमिनीवर पसरलेलं पोतं. सूप हवं म्हटल्यावर आईने तीन-चार उचलून उजेडात धरली, कामट्यांच्या फटी बघितल्या, कडेची वीण ओढून पाहिली. मी विचारलं, भाची सूप कशाला वापरेल? तिच्याकडे तांदूळ निवडलेलाच येतो. आई म्हणाली, "शेंगदाणे भाजेल तेव्हा टरफलं काय तोंडाने फुंकणार?" बरोबर होतं.

सुपाने होणाऱ्या कामांना मराठीत किती वेगवेगळी क्रियापदं आहेत! पाखडणं वेगळं, घोळणं वेगळं, आसडणं वेगळं. आणि मुळात ही वेगवेगळ्या नियमांची कामं आहेत. पाखडताना दाणे वर उडवतात, तेव्हा निवड वारा करतो. गव्हाच्या दाण्याला सोबत उडवून न्यायचं तर सेकंदाला सात-आठ मीटर वेगाचा वारा लागतो. फोलपटाला दोन-तीन मीटरचा पुरतो, कारण त्याचं अंग पसरट आणि वजन नगण्य. सूप खाली येताना स्वतःच जो झोत तयार करतं, तो या दोन आकड्यांच्या मधला असतो. जास्त जोर लावला तर दाणे सांडतात, कमी लावला तर कोंडा राहतो. आईचं मनगट त्या मधल्या जागेत बरोबर राहतं, आणि ते तिला कुणी आकड्यांत सांगितलेलं नाही.

घोळणं आणखी मजेचं. दाणे सुपात हलवत राहिलं की बारीक चुरा मोठ्या दाण्यांमधल्या फटींतून खाली झिरपतो आणि मोठे दाणे वर येतात. वजनदार खाली जावं असं आपल्याला वाटतं, पण इथे ठरवतो तो आकार. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या काही भौतिकशास्त्रज्ञांनी संगणकावर हाच खेळ मांडून दाखवला. डबा हलवला की त्यातले ब्राझील नट नावाचे मोठे दाणे वर का येतात, हा त्यांचा प्रश्न होता, आणि ते नाव त्या घटनेला कायमचं चिकटलं. ढीग हलला की क्षणभर फटी उघडतात. लहान फटी पुष्कळ, मोठ्या क्वचित. लहान कण पटकन खाली सरकतो, मोठ्याला जागा मिळतच नाही. हा संशोधनाचा विषय आजही संपलेला नाही. औषधाच्या भुकटीपासून सिमेंटपर्यंत जिथे जिथे दाणेदार माल हलतो, तिथे तो लागतो. बुरुडाच्या पोत्यावर मात्र त्याचं उपकरण कधीपासून विकायला ठेवलेलं आहे.

सूप बांबूचं, आणि बांबू हे गवत. एका पावसाळ्यात तो आपली पूर्ण उंची गाठतो, मग फक्त पक्का होत जातो. तोडला तरी कंद जिवंत राहतो, पुढल्या पावसाळ्यात नवे कोंब. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याने त्याला झाड ठरवलं, आणि तो तोडायला, नेआण करायला परवाने लागू लागले. वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू या व्याख्येतून वगळायला २०१७ साल उजाडलं. नव्वद वर्षं! बुरुडांच्या हातातलं काम या काळात किती सुटलं असेल, याचा विचार करते तेव्हा सुपाची किंमत घासाघीस न करता द्यावीशी वाटते.

फटी बुजवायच्या असतील तर आईने भाचीसाठी कृतीही सांगून ठेवली आहे. कागद भिजवून त्याचा लगदा करायचा, त्यात मेथ्या भिजवून वाटून घालायच्या, आणि सूप त्याने लिंपून उन्हात वाळवायचं. मेथीत जो बुळबुळीत डिंकासारखा भाग असतो तो लगद्याला धरून ठेवतो, आणि तिचा कडवटपणा किड्यांना आवडत नाही. जुन्नर एके काळी हातकागदासाठी नावाजलेलं होतं, पेशवाईतल्या दप्तरांत जुन्नरी कागद लागे. आता लगदा वर्तमानपत्राचा करावा लागतो.

लोखंडी तवा घिसाड्याकडून घेतला. त्याबद्दल थोडक्यातच. तेल तापून लोखंडावर जो काळा थर बसतो तो तेलाच्या रेणूंच्या साखळ्या जुळून झालेला असतो, म्हणूनच जुन्या तव्यावर घावनं चिकटत नाहीत. आणि लोखंडी भांड्यात चिंच-टोमॅटोचं आंबट काही शिजलं तर थोडं लोह अन्नात उतरतं. तवा नातवंडांपर्यंत जातो.

आता घोंगडी. ही बाजारात नाही घेतली. मेंढपाळांचे वाडे या भागातून जातात. शेतकरी एक-दोन रात्री खतासाठी मेंढ्या शेतात बसवून घेतो. अशाच एका ओळखीच्या घराने सणगराकडून विणून घेतलेली घोंगडी आमच्यासाठी ठेवली होती. दख्खनी मेंढीची लोकर काळी, तपकिरी, मधूनच करडी असते. तिला रंग देत नाहीत. बायका ती पिंजून चरख्यावर सूत काततात. विणण्याआधी ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ लावतात, कुंच्याने. जी चिंच आपण आमटीला वापरून तिचे चिंचोके फेकतो, त्या चिंचोक्यात उत्तम खळीचं द्रव्य असतं. केसाळ सूत त्याने गुळगुळीत होतं आणि मागावर तुटत नाही.

घोंगडी टोचते, ही सगळ्यांची तक्रार. टोचण्यालाही कारण आहे. लोकरीचा तंतू साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड असला की त्याचं टोक कातडीला टेकल्यावर वाकत नाही, आतल्या मज्जातंतूला डिवचतं. परदेशी मेरिनो मेंढीची लोकर २० मायक्रॉनच्या आसपास, ती वाकते. दख्खनी लोकर त्या रेषेच्या पलीकडची. पण जी जाडी टोचते, तीच जमिनीवर अंथरायला, झिजेला, पावसाला टिकते. वाऱ्यापावसात मेंढ्यांमागे हिंडणाऱ्या माणसाला मऊपणापेक्षा टिकाऊपणाचंच काम जास्त पडतं.

आणि पाऊस. धनगर घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतो आणि दिवसभर पावसात उभा राहतो. घोंगडी ओली होते, जड होते, तरी आत ऊब राहते. हे कसं? लोकरीच्या तंतूची बाहेरची बाजू खवल्यांची आणि मेणचट असते, तिच्यावरून थेंब ओघळतो. पण त्याच तंतूचा गाभा हवेतली वाफ शोषून घेतो, आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी, आणि तरीही हाताला ओला लागत नाही. वाफेचा रेणू लोकरीच्या गाभ्यात जाऊन बसतो तेव्हा तो आपल्याजवळची शक्ती सोडतो. ती उष्णता बनून बाहेर येते. म्हणजे कोरडी घोंगडी दमट हवेत गेली की काही काळ ती खरोखरच तापते.

हे वाचलं तेव्हा मला माठ आठवला. माठावरून पाणी उडतं तेव्हा ते उष्णता घेऊन जातं. तीच वाफ घोंगडीत मुरते तेव्हा तीच उष्णता परत देऊन जाते. वैशाखात जे घेतलं ते आषाढात फेडलं. बेल्ह्याच्या एकाच मोसमी हवेच्या या दोन टोकांसाठी कुंभाराने एक वस्तू केली आणि सणगराने दुसरी, आणि दोघांनी एकाच नियमाला दोन बाजूंनी हात घातला. एका माणसाचा धंदा मातीचा, दुसऱ्याचा लोकरीचा, दोघांची भेट झाली असेल-नसेल. मी कितीतरी दिवस हेच डोक्यात घेऊन फिरत होते, आणि भेटेल त्याला सांगत होते.

घोंगडी शेवटी जीर्ण झाली की तीही वाया जात नाही. लोकर म्हणजे प्रथिन, तिच्या वजनाचा सुमारे सहावा हिस्सा नायट्रोजन. मातीत पुरली तर ती सावकाश कुजते आणि झाडाला खत होते. मेंढीने ज्या रानात चरून ती अंगावर वाढवली, त्याच रानाला.

आईचा आहेर वेगळा होता. तिने स्वतःच्या आणि आजीच्या जुन्या सुती नऊवाऱ्यांची गोधडी शिवली होती, काठाकाठाने आत येत येत मध्यावर संपणारा धावदोरा. तिच्याबद्दल मी शास्त्र सांगत बसत नाही. कापडाच्या थरांत कोंडलेली हवा ऊब धरते, एवढंच. भाचीने ती उघडली, त्यातला एक जांभळा तुकडा ओळखला, आणि बराच वेळ त्यावर हात फिरवत बसली.

माठ आम्ही एसटीने नेला. आळेफाटा, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, सगळा रस्ता चुंबळीवर ठेवून मांडीत धरून. शेजारच्या बाईंनी बसल्या जागेवरून हात लांब करून एकदा तो ठोकला आणि मान डोलावली. मोशीच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या खिडकीत वारा येतो अशी जागा शोधून घडवंची मांडली. माठ दिवसभर भरून ठेवला, ते पाणी झाडांना घातलं, पुन्हा भरला. संध्याकाळी त्याच्या पोटावर गडद ओल आली. फ्रिज काढून टाक असं मी तिला म्हटलं नाही. दूध-भाजीला तो लागतोच. पण नुसत्या पाण्यासाठी त्याचं दार दिवसातून तीस वेळा उघडणं थांबलं तरी पुष्कळ झालं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. "मावशी, माठ बिघडला गं. चार दिवस झाले, पाणी गारच होत नाहीये. क्षार पण नाही चढलेला, मी बघितलं."

बाहेर पाऊस किती आहे, मी विचारलं.

"धो धो. भिंतीसुद्धा दमट लागतायत."

"मग तो माठ धुऊन, पुसून पालथा घालून ठेव," मी म्हटलं, "आणि घोंगडी काढ."